मांड्याची चाल

माणसं देवासमोर एकवेळ खरं बोलतील, पण फिजिओथेरपिस्टसमोर बोलणार नाहीत. या धंद्यात शिरण्याआधी हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं. "घरी व्यायाम केले का?" हा प्रश्न मी दिवसातून तीस वेळा विचारते आणि तीस वेळा "हो मॅडम, सकाळ-संध्याकाळ" असं उत्तर ऐकते. त्या तिसांतले अठ्ठावीस जण व्यायामाचा कागद फ्रीजवर चिकटवतात आणि त्याच्याकडे बघत बघत दूध बाहेर काढतात. एवढाच त्यांचा व्यायाम.

दोन हजार चव्वेचाळीस साल उजाडलं. यावलच्या केळीच्या बागांवरून फवारणीचे ड्रोन फिरायला लागले, आजीबाई म्हणून दवाखान्यात येणाऱ्या बायकांची नावं वैशाली नि पल्लवी असायला लागली, पण कागदावरचा व्यायाम माणसाकडून करून घेणारं यंत्र काही निघालं नव्हतं. ते निघालं आणि गेल्या दिवाळीत माझ्या दवाखान्यात आलं. कंपनीने त्याला ठेवलेलं नाव एका दमात म्हणता येत नाही, म्हणून आम्ही त्याला 'बाही' म्हणतो. दिसायलाही ते बाहीच आहे: मनगटापासून कोपराच्या वर चार बोटं येणारी, करड्या रंगाची, आतून बारीक टिकल्या लावलेली.

वनिताबाई फेगडे माझ्याकडे आल्या त्या चैत्रात. वय एकोणसाठ, उजवा हात ओढणीने गळ्यात बांधलेला, आणि चेहऱ्यावर असा भाव की दुखणं त्यांचं असलं तरी चूक माझी आहे.

"कुठे दुखतं?" मी विचारलं.

"दुखतं ते सोड. दुखण्याचं मी पाहून घेईन. हे पाह्य." त्यांनी हात सोडला, पालथा धरला आणि बोटं वर उचलायला गेल्या. मनगट उठलं. अंगठा आणि तर्जनी जेमतेम हलली. बाकीची तीन बोटं तशीच खाली लोंबत राहिली. "काल पळी पडली हातातून. परवा तांब्या. मले मांडे करायचे आहेत, अन् ह्या बोटायनं संप पुकारला."

मांडे म्हणजे काय हे खानदेशाबाहेरच्यांना सांगावं लागतं. पुरणाची पोळीच, पण पोळपाटावर लाटून संपत नाही. ती दोन्ही हातांवर घेऊन, या हातावरून त्या हातावर फिरवत, कोपरापर्यंत ताणत न्यायची. पातळ होऊन ती परातीएवढी झाली की चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायची. चाळीस मांडे म्हणजे चाळीस वेळा दोन्ही हातांना पीळ. आणि फेगड्यांच्या घरात रीत अशी की मुलीच्या लग्नात विहिणीच्या पंगतीचे मांडे मुलीच्या आईनेच करायचे. आचारी नाही, बाहेरची बाई नाही. वनिताबाईंच्या एकुलत्या एक ईशिताचं लग्न पाच आठवड्यांवर आलं होतं.

मी तपासलं. कोपराच्या बाहेरच्या अंगाला, चार बोटं खाली एक लहानसा स्नायू असतो. तळहात आभाळाकडे वळवायचा हे त्याचं काम. या स्नायूच्या दोन पदरांमधून एक नस जाते. रक्ताची नव्हे, मेंदूचे निरोप नेणारी. बोटं उचला, हा निरोप तिच्यातून जातो. हात हलतो तशी ही नस त्या पदरांतून मागेपुढे सरकली पाहिजे, लेंग्याच्या नेफ्यातून नाडी सरकते तशी. वजन घेऊन हात सतत बाहेर पिळला की तो स्नायू जाडावतो, त्याची कड दोरीसारखी कडक होते, आणि नेफा नाडीला आवळून धरतो. वनिताबाईंच्या नसेतून निरोपाचा जेमतेम चाळीस टक्के भाग बोटांपर्यंत पोहोचत होता.

"यावर उपाय आहे," मी म्हटलं. "नस मोकळी करायचे व्यायाम आहेत. पण नुसत्या व्यायामाने भागणार नाही. तुमची मांडा फिरवायची पद्धत बदलावी लागेल. तुम्ही कोपर वर उचलून हात बाहेरच्या बाजूला पिळता. तसंच करत राहिलात तर ही बोटं कायमची जातील."

"माझी पद्धत बदलायची न्हाई," वनिताबाई म्हणाल्या. "बाकी काय करायचं ते सांग."

बाही नेमकी अशाच माणसांसाठी बनवलेली आहे. कोणतंही काम करताना हाताचे वीस-एक स्नायू एका ठरावीक क्रमाने कामाला लागतात: कोण आधी, कोण नंतर, किती जोराने. या क्रमाला आम्ही चाल म्हणतो. वर्षानुवर्षं तेच काम करूनही ज्याचा हात दुखलेला नाही अशा माणसाची चाल बाहीत टिपून घ्यायची. मग ती बाही दुखऱ्या हातात चढवायची. हात कामाला लागण्याआधी, सेकंदाचा पंचविसावा भाग शिल्लक असतानाच, बाही योग्य त्या स्नायूला हलकी टिचकी देते. तो स्नायू आधी उठतो, चुकीच्या स्नायूला संधीच मिळत नाही, आणि मेंदूची समजूत होते की ही आपलीच कल्पना. बऱ्याच संसारांत बायका नवऱ्यावर हेच तंत्र वापरतात, त्यांना यंत्र लागत नाही एवढंच. तीन-चार आठवड्यांनी हाताला नवी सवय लागते आणि बाही काढून ठेवता येते.

अडचण एकच होती. कंपनीच्या संग्रहात सुतारांच्या चाली होत्या, भिंती रंगवणाऱ्यांच्या होत्या, तबलजींच्या, न्हाव्यांच्या, टेनिस खेळणाऱ्यांच्या होत्या. मांडे करणाऱ्याची एकही नव्हती. त्यातल्या त्यात जवळची म्हणून मला इटलीतल्या एका पिझ्झावाल्याची चाल सापडली.

ती वापरून बघणं ही माझी चूक. फेगड्यांच्या परसात चूल पेटवली, वनिताबाईंनी कणकेचा गोळा हातावर घेतला, बाहीने टिचकी दिली आणि मांडा वर उडाला. पिझ्झा उडवतात हे मला ठाऊक होतं, पण इतका उंच उडवतात हे माहीत नव्हतं. तो गोठ्यावरच्या सोलरच्या तक्त्यावर जाऊन पडला. एप्रिलमधली दुपार होती. दहा मिनिटांत तिथेच भाजून निघाला.

"कोण होता तो मेला?" वनिताबाईंनी विचारलं. मी सांगितलं नाही. चाल देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं हा नियम आहे.

मग मी तालुक्यातल्या मांडे करणाऱ्या बायका शोधायला निघाले. यावल, फैजपूर, सावदा. सात जणी तपासल्या. सातही जणींच्या नसा कमी-जास्त आवळलेल्या. आठवी बाई राहत होती वनिताबाईंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. चाळीस वर्षं मांडे केलेला हात, आणि आतली नस सोळा वर्षांच्या पोरीची. मी मोजणी तीनदा केली, कारण मला ती खोटी निघायला हवी होती. त्या होत्या भावनाबाई फेगडे, वनिताबाईंच्या थोरल्या जाऊबाई.

या दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत हे यावलात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्याआधी दोघी मिळून लग्नांचे मांडे करायच्या. 'फेगड्यांच्या जावा' म्हटलं की भुसावळपर्यंत बोलावणं यायचं. मग फैजपूरच्या एका लग्नात विहिणीच्या ताटात वाढता वाढता मांडा फाटला आणि पुरण तिच्या शालूवर पडलं. भावनाबाई म्हणाल्या, तो वनिताचा होता. वनिताबाई म्हणाल्या, तो ताईचा होता. विहिणीने शालू धुऊन घेतला, तिला नातवंडं झाली, ती सगळं विसरली. या दोघी विसरल्या नाहीत.

मी भावनाबाईंकडे गेले. त्या ओसरीवर तुरीची डाळ पाखडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, फक्त रुग्णाचं नाव सोडून.

"कोणासाठी पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"नाव सांगता येत नाही. नियम आहे."

"बरं." त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "कोणत्या हातात घालायची ती बाही?"

तीन दिवस त्यांनी बाही घातली. मांडे तर केलेच, पण बाकीच्या वेळी काढून ठेवा हे सांगायला मी विसरले म्हणून आंघोळीची वेळ सोडली तर दिवसभर तीच हातात. मांड्याशिवायच्या हालचाली संगणक गाळून टाकतो असं कंपनीने लिहून दिलं होतं. मी विश्वास ठेवला.

नवी चाल वनिताबाईंच्या हातात चढवून आठवडाही झाला नसेल, त्यांचे यजमान प्रशांतराव दवाखान्यात आले. वीज कंपनीतून निवृत्त झालेला सरळमार्गी माणूस. खुर्चीत बसले, उठले, दार लोटून परत बसले.

"मॅडम, ती बाही कधी काढणार?"

"का? काही त्रास होतोय का त्यांना?"

"न्हाई न्हाई. काढू नका म्हणून सांगाले आलो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तीस वर्षं झाली लग्नाले. तिचा हात वाढण्याच्या बाबतीत जरा आखडता. तुपाची धार म्हणजे फक्त दाखवाले. आता चार दिवसांपासून वाटी पोळीवर आडवी करते अन् सरळ करायचं विसरूनच जाते. तिले स्वतःले कळत न्हाई. पाहते वाटीकडे अन् गप बसते. मले कळतं, पण मी कायले बोलू?"

"आणखी काही?"

"चहा उलटा ढवळते. पदर खोचायची पद्धत बदलली. अन् परवा माझ्यावर चिडली. नेहमी कमरेवर हात ठेवते. परवा हात असा तोंडासमोरून ओवाळला." त्यांनी करून दाखवलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तसा हात आख्ख्या यावलात एकच बाई ओवाळते. मी घाबरून दोन पावलं मागं गेलो. म्हटलं, वहिनी इकडे कशा काय आल्या?"

मी काहीच बोलले नाही.

"मी बी काही बोलत न्हाई," प्रशांतराव उठत म्हणाले. "मले तूप मिळून राह्यलं."

त्यांचं तूप आणखी चारच दिवस टिकलं. दहाव्या दिवशी मी खऱ्या मांड्याची परीक्षा घ्यायला त्यांच्या परसात गेले. खापर तापलं होतं. वनिताबाईंनी पुरण भरलेला गोळा लाटला, हातावर घेतला आणि फिरवायला सुरुवात केली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. कोपर कंबरेशी, पीळ खांद्यातून, मनगट सैल, बोटं ताठ. मांडा या हातावरून त्या हातावर जात मोठा होत गेला, पलीकडची भिंत त्यातून दिसायला लागली, आणि करंगळ्या जराशा वर उचलून त्यांनी तो खापरावर सोडला. एक सुरकुती पडली नाही.

वनिताबाई मांड्याकडे पाहत राहिल्या. मग स्वतःच्या करंगळीकडे. मांडा उलटायची वेळ झाली तरी त्यांनी उलटला नाही. तो करपायला लागला.

"ही चाल कोणाची आहे?"

"वनिताबाई, नियमाप्रमाणे मला..."

"भावनाताईची आहे." त्यांनी बाही कोपरापासून सोलून काढली आणि माझ्या मांडीवर टाकली. "मांडा सोडताना करंगळी उचलते अशी दुसरी बाई जन्माले यायची आहे. माझ्या पोरीच्या लग्नात माझ्या हातानं तिचा मांडा? विहीण जेवीन, अन् सारं गाव म्हणीन, हात भावनाचा आहे. त्यापरीस मी माझ्याच पद्धतीनं करीन."

"तुमच्या पद्धतीने चाळीस मांडे केलेत तर बोटं जातील. गेली की परत येणार नाहीत. ऑपरेशन करूनसुद्धा खात्री नाही."

"जाऊ दे गेली तर."

मला राग आवरत नाही, हा माझा दोष आहे आणि माझ्या आईने तो मला अनेकदा सांगितला आहे. "मग लग्नाआधीच सांगा ईशिताला," मी म्हटलं, "की आईला बोटं आणि अबोला यांतलं एकच ठेवता येत होतं, आणि आईने अबोला ठेवला. पुढे तिला मूल झालं की त्याला न्हाऊ घालायला या बोटांऐवजी तो अबोला वापरा." मी बाही पिशवीत कोंबली आणि निघून आले. घरी येईपर्यंत मलाच वाईट वाटायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांची फाइल बंद करायला बसले. उपचार अर्धवट सोडला की कंपनीला कारण कळवावं लागतं. त्यासाठी बाहीतल्या नोंदी उघडल्या आणि आलेख पाहून थांबले.

परकी चाल कोणताही हात सहजी घेत नाही, अडून बसतो. पहिल्या दिवशी शंभर हालचालींना शंभर टिचक्या द्याव्या लागतात. दहा दिवसांनी त्या पन्नासवर येतात. तरण्याताठ्या क्रिकेटपटूंचंही याहून वेगळं नसतं. एकोणसाठ वर्षांच्या वनिताबाईंना पहिल्या दिवशी एकाहत्तर टिचक्या लागल्या होत्या. चौथ्या दिवशी नऊ. नवव्या दिवशी एकही नाही. काल परसातला तो सुंदर मांडा त्यांनी केला तेव्हा बाही नुसती हातावर बसून होती, तिने काहीच केलेलं नव्हतं.

मला वाटलं यंत्र बिघडलं. बंगळुरूला कंपनीत फोन लावला. तिथल्या मुलीने नोंदी मागवून घेतल्या आणि दहा मिनिटांनी म्हणाली, "मॅडम, यंत्र ठीक आहे. हातात नवीन काही आलेलं नाही. ही चाल त्या हातात आधीपासूनच होती. वर दुसरी बसली होती, ती फक्त निघाली."

मी दवाखान्याला कुलूप लावलं आणि तडक फेगड्यांकडे गेले. वनिताबाई स्वयंपाकघरात एकट्याच होत्या, डाव्या हाताने लसूण सोलत होत्या.

"सून होऊन या घरात आलात तेव्हा मांडा कसा फिरवायच्या तुम्ही?" मी उभ्या उभ्याच विचारलं.

त्यांनी एक पाकळी सोलली. दुसरी सोलली.

"आली तेव्हा मले साधी पोळी जमत नव्हती," त्या म्हणाल्या. "मांडा ताईनं शिकवला. दोन वर्षं. पुढं पुढं आम्हा दोघींचे मांडे एकात एक ठेवले तर आमचे आम्हाले ओळखू येत नव्हते."

"आणि मग?"

"मग ते भांडण झालं. त्यानंतर सावद्याच्या लग्नात मी एकटीनं मांडे केले. एक म्हातारी जेवून उठली अन् म्हणे, काय हात आहे वं भावनाचा." वनिताबाईंनी सुरी खाली ठेवली. "घरी आली अन् ठरवलं, आता उलटं फिरवायचं. दोन महिने लागले शिकाले. आधी फाटायचे. मग जमलं. अकरा वर्षांत कोणी म्हटलं न्हाई, की हात भावनाचा आहे."

मी खाली बसले. आमच्या पाठ्यपुस्तकात या दुखण्याची कारणं दिलेली आहेत: अवजड काम, मार, सूज, गाठ. अबोला दिलेला नाही. एका बाईने जावेसारखं दिसू नये म्हणून अकरा वर्षं हात उलटा पिळला होता, आणि त्याची शिक्षा त्या नसेला झाली होती.

"तिले माहीत आहे का, चाल कोणासाठी घेतली?" वनिताबाईंनी विचारलं.

"नाही. मी नाव सांगितलं नाही."

"तरीच. माहीत असतं तर दिलीच नसती." थोड्या वेळाने त्या उठल्या, हात धुतले, पदर नीट केला. "चल."

"कुठे?"

"तिच्या तोंडून ऐकायचं आहे मले. मी न्हाई देत म्हणीन ती. ते एकदा ऐकलं की माझा जीव शांत होईन, अन् मग तू म्हणशील ते ऐकीन."

दोन गल्ल्या आम्ही एक अक्षर न बोलता चाललो. भावनाबाई ओसरीवरच होत्या. धाकट्या जावेला दारात पाहून त्या उठल्या नाहीत, पण हातातलं काम थांबलं.

"बस," त्या म्हणाल्या.

"बसाले न्हाई आली."

"मग उभी राह्य."

मी खांबाला टेकून उभी राहिले. मध्ये पडायची माझी छाती नव्हती.

"ह्या मॅडमनं तुझा हात माझ्या हातात घातला," वनिताबाई म्हणाल्या. "तुले माहीत नव्हतं म्हणून तू दिला. आता माहीत झालं. सांग हिले, काढून घे म्हणावं."

"कोण म्हणतं माहीत नव्हतं?"

वनिताबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"आख्ख्या यावलात मांडे करणाऱ्या अन् हात गळ्यात बांधून फिरणाऱ्या बाया किती आहेत?" भावनाबाईंनी मला विचारलं. "तू नाव न्हाई सांगितलं. मले काय डोळे न्हाई?" मग त्या जावेकडे वळल्या. "अकरा वर्षं पाहून राह्यली मी. ज्या लग्नात जावं तिथं तू खापरापाशी. कोपर वर, हात उलटा. दर वेळी वाटे, आता हात जाईन हिचा. जेवताना घास उतरायचा न्हाई मले. पण सांगू कशी? आपण बोलत नव्हतो ना."

"कोणाच्या हातून निरोप..."

"निरोपानं मांडा शिकवता येतो का?" भावनाबाई म्हणाल्या. "मग ही मॅडम बाही घेऊन आली. म्हणे, तुमचा हात जसा फिरीन तसा त्या बाईचा फिरीन. म्हटलं, बरं झालं. तीन दिवस एकेक मांडा हळू केला. माझा रोजचा हात तर भराभर चालतो. पण तू नवी होती तेव्हा करून दाखवायची, तसा केला. कोपर कंबरेले लावायचं, थांबायचं, मग वळवायचं. म्हटलं, तोंडानं न्हाई तर न्हाई. हाताले तरी कळीन तिच्या."

मला तिथेच रडू आलं, ते लपवण्यात अर्थ नाही. तपासायला घेतलेल्या सात जणींपेक्षा भावनाबाईंचे मांडे जवळजवळ दुप्पट वेळ घेत होते. मी ते वयावर ढकललं होतं.

वनिताबाई ओसरीच्या पायरीवर बसल्या. उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे पाहत राहिल्या. डोळे पुसायला त्यांनी तो उचलला नाही, डावा उचलला.

"कळलं," त्या म्हणाल्या.

"काय कळलं?"

"हाताले कळलं." आतून कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. "वीस तारखेले हळद आहे ईशिताची. एकवीसले लग्न. चाळीस मांडे आहेत विहिणीच्या पंगतीले. एकटीनं होत न्हाई आता माझ्यानं."

"रीत आईनं करायची आहे," भावनाबाई म्हणाल्या.

"थोरली आई चालते रीतीले."

भावनाबाईंनी सूप उचललं, परत ठेवलं. "खापर कोणतं घेणार?"

"तुझं आण. माझं एका बाजूनं तापतं."

आता काही धोका नाही असं समजून मी खांबापासून पुढे झाले आणि डॉक्टर म्हणून जे सांगायला हवं ते सांगितलं, की नस अजून नाजूक आहे, वनिताबाईंनी दहापेक्षा जास्त मांडे करायचे नाहीत.

"तर मग दहा तू, तीस मी," भावनाबाई म्हणाल्या.

"तीस कशे तुझे? पोरगी कोणाची आहे? वीस-वीस."

"डॉक्टरीणबाई काय म्हणून राह्यली ते ऐकू येत न्हाई का तुले? अकरा वर्षं ऐकलं न्हाई, म्हणून तर बोटं लोंबून राह्यली."

"मी ऐकलं न्हाई? फैजपूरले मांडा तुझा फाटला, अन् ऐकलं कोणी न्हाई?"

"माझा? माझ्या हातचा मांडा आजवर फाटला आहे का?"

मी पायरीवरच्या माझ्या चपला घातल्या. दोघींपैकी कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही. अकरा वर्षांचं बोलणं साचलेलं होतं आणि सगळं एकदमच बाहेर येत होतं. मी पहिली गल्ली ओलांडली तरी दोघींचे आवाज मला स्पष्ट ऐकू येत होते, आणि आता कुठला आवाज कोणाचा ते सांगता येत नव्हतं.